जागा सरकारी, शुल्क कशाचे?

(जलाशय व वनहद्दीलगतच्या गावांतील शेतकऱ्यांसाठी घेतलेल्या प्रशिक्षण वर्गातील व्याख्यान)



आजचा विषय वाचून काहींना नवल वाटले असेल. सस्यशास्त्र शिकवणाऱ्याने ज्वारी-हरभरा सोडून तंबू आणि होड्यांविषयी का बोलावे? त्याचे कारण आपल्या शिवारातच आहे. येथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची जमीन धरणाच्या फुगवट्याला किंवा वनाच्या हद्दीला लागून आहे. शनिवार-रविवारी शहरातून गाड्या येतात, काठावर तंबू लागतात आणि सोमवारी बाटल्या, पत्रावळी व अर्धवट जळलेली लाकडे आपल्या बांधाशी पडलेली असतात. मग ग्रामसभेत कोणीतरी उठून म्हणतो, "रस्त्याला दोरी बांधा आणि गाडीमागे पन्नास रुपये घ्या." दोरी बांधणे सोपे आहे. पण जागा सरकारी, येणारा नागरिक, मग हे पैसे नक्की कशाचे, आणि ते जाणार कोणाकडे? या दोन प्रश्नांवर अमेरिकेत शंभर वर्षे वाद झाला आहे. आपल्या गावाने पावतीपुस्तक छापण्यापूर्वी तो समजून घ्यावा, म्हणून हा विषय निवडला.

अमेरिकेत केंद्र सरकारच्या मालकीची जमीन सुमारे ६४ कोटी एकर, म्हणजे देशाच्या एकूण भूमीच्या चौथ्या हिश्शाहून अधिक आहे. वनखाते, भूव्यवस्थापन खाते, राष्ट्रीय उद्याने व वन्यजीव ही खाती ती सांभाळतात. मोठ्या धरणांचे बरेच जलाशय लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाकडे आहेत. या जमिनीवर लोक मुक्काम करतात, मासे धरतात, होडी चालवतात.

वनस्पतिरोगतज्ज्ञाने आखलेला तंबूतळ

मोटारगाड्या आल्या तेव्हा लोक वाटेल त्या झाडाखाली गाडी लावून मुक्काम करीत. कॅलिफोर्नियातील रेडवुड वृक्षांच्या राईत याचा परिणाम लवकर दिसला. एमिलिओ माइनेके नावाच्या वनस्पतिरोगतज्ज्ञाने या झाडांचा अभ्यास केला. चाकांनी आणि पावलांनी जमीन दाबली जाते, मातीतील पोकळ्या मिटतात, पाणी मुरत नाही, हवा खेळत नाही आणि वरच्या थरातील मुळे गुदमरतात, असे त्याने दाखवले. आपल्या भाषेत सांगायचे तर ओल्या काळ्या रानात बैलगाडी घातल्यावर जे होते तेच. १९३२ साली त्याने तंबूतळाची आखणी सुचवली. एकेरी वळणाचा रस्ता, त्याला फुटणारे छोटे फाटे, गाडी फाट्यावरच थांबावी म्हणून दगड-लाकडांचे अडथळे, आणि प्रत्येक फाट्याजवळ तंबूची ठरलेली जागा, मेज व चूल. आजही अमेरिकेतील बहुतेक तंबूतळ याच घाटाचे असतात.

ठरलेली जागा का हवी, हे पुढील संशोधनानेही सांगितले. न तुडवलेल्या गवताळ जागेवर थोड्याच लोकांनी वावर केला तरी बहुतेक नुकसान तेवढ्यातच होऊन जाते. त्यानंतर वावर दुप्पट झाला तरी नुकसान त्या प्रमाणात वाढत नाही. ट्रॅक्टरची पहिली फेरीच जमीन सर्वाधिक दाबते, हे आपण जाणतोच. त्यामुळे पर्यटक सगळ्या काठावर पसरवण्यापेक्षा थोड्या, मजबूत केलेल्या जागांवर एकत्र ठेवणे जमिनीच्या हिताचे ठरते. पण मजबूत जागा करायला मुरूम लागतो, संडास लागतात, पाणी लागते, कचरा उचलावा लागतो. हा खर्च कोणी करायचा, येथून शुल्काची गोष्ट सुरू होते.

पैसे गेले कोठे?

माउंट रेनियर या राष्ट्रीय उद्यानात १९०८ पासून मोटारींकडून शुल्क घेतले जाऊ लागले. पुढे अशी रक्कम सरळ केंद्रीय खजिन्यात जाई. उद्यानाचा अधिकारी पावती फाडत असे, पण फुटलेला नळ दुरुस्त करायला त्याच पैशांतील एक डॉलरही त्याच्या हाती येत नसे. १९६५ साली भूमी व जलसंधारण निधीचा कायदा अमलात आला, ७ डॉलरचा वार्षिक पास निघाला. तरी स्थानिक देखभालीचे रडगाणे संपले नाही, कारण वसुली करणारा एक आणि खर्च ठरवणारा दुसरा. आपल्याकडे पाणीपट्टी भरूनही चारीतील गाळ तसाच राहतो तेव्हा शेतकरी जे बोलतो, तेच तेथील लोक बोलत.

१९९६ मध्ये चार खात्यांना प्रायोगिक तत्त्वावर वेगळी मुभा मिळाली. जमा झालेल्या शुल्कापैकी ८० टक्के रक्कम जेथे जमा झाली तेथेच ठेवावी, असे ठरले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा बदल हाच. तंबूतळावर पैसे देणारा माणूस सकाळी उठून स्वच्छ संडास पाहतो आणि आपले पैसे कोठे गेले हे त्याला विचारावे लागत नाही.

वसुलीची तेथील एक पद्धत सांगण्यासारखी आहे. लहान तळांवर कर्मचारी नसतो. जमिनीत घट्ट रोवलेली लोखंडी नळी असते, शेजारी पाकिटे ठेवलेली असतात. येणाऱ्याने पाकिटावर गाडीचा क्रमांक व तारीख लिहायची, पैसे आत घालून पाकीट नळीत टाकायचे आणि त्याची फाडलेली चिठ्ठी आपल्या जागेच्या खुंटावर लावायची. लोक विनोदाने या नळीला 'लोखंडी रेंजर' म्हणतात. अनेक तळांवर निवृत्त जोडपी हंगामभर राहतात. जागा फुकट मिळते, त्या बदल्यात ती तळावर लक्ष ठेवतात.

होडी उतरवण्याचा रॅम्प

तंबूपेक्षा रॅम्पचे काम अधिक खर्चाचे आहे, आणि धरणाकाठच्या गावांनी ते नीट समजून घ्यावे. रॅम्प म्हणजे काठावरून पाण्यात उतरत जाणारी काँक्रीटची फरशी. गाडीमागच्या ट्रेलरवरची होडी तिच्यावरून पाण्यात सोडतात. उतार साधारण १२ ते १५ टक्के ठेवतात. कमी ठेवला तर होडी तरंगायच्या आत गाडीचे चाक पाण्यात जाते आणि जास्त ठेवला तर ओल्या फरशीवर गाडी घसरते. काँक्रीटवर खाचा पाडाव्या लागतात, शेवाळ खरवडावे लागते. जलाशयाची पातळी हंगामानुसार खाली जाते, म्हणून फरशी नीचांकी पातळीच्याही खाली न्यावी लागते. ती अपुरी असेल तर ट्रेलरचे चाक कडेवरून खाली पडते. इंजिनाच्या जोराने होडी ट्रेलरवर चढवणाऱ्यांमुळे फरशीच्या टोकाशी खड्डाही पडतो. कोलोरॅडो नदीवरील लेक मीड २०२२ च्या उन्हाळ्यात इतके खाली गेले की बहुतेक रॅम्प बंद करावे लागले आणि उरलेला रॅम्प पाण्याच्या मागे मागे वाढवत न्यावा लागला. दुष्काळात उत्पन्न आटते आणि खर्च वाढतो. हे गणित शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

याच जलाशयात जानेवारी २००७ मध्ये क्वागा नावाचे परदेशी शिंपले सापडले. होड्यांना चिकटून ते एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातात आणि उपसा योजनांच्या जाळ्या व नळ बुजवून टाकतात. त्यामुळे पश्चिमेकडील अनेक ठिकाणी रॅम्पवर होड्या तपासून गरम पाण्याने धुतात. आयडाहो राज्याने २००९ पासून होडीवर यासाठी शुल्काचा वेगळा बिल्ला लावणे सक्तीचे केले. हौशी माणसाच्या होडीचा भार शेवटी सिंचनाच्या पाइपावर येतो, म्हणून ते पैसे त्याच्याकडून घेणे मला रास्त वाटते.

मात्र होडीवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. अमेरिकेत मासेमारीच्या साहित्यावरील करातून १९५० च्या कायद्याने एक निधी उभा राहिला. १९८४ पासून होडीच्या इंधनावरील करही त्याच निधीत येऊ लागला. त्या निधीचा ठरावीक भाग राज्यांनी रॅम्पसारख्या सोयींवर खर्च करावा असे बंधन आहे. तेव्हा गळ घेताना एकदा दिले, इंधन भरताना दुसऱ्यांदा दिले, मग रॅम्पवर तिसऱ्यांदा का, हा त्यांचा सवाल अगदीच पोकळ नाही. लष्करी अभियांत्रिकी विभागाच्या जलाशयांसाठी १९९३ मध्ये केलेल्या कायद्यात याचे उत्तर सापडते. विकसित जागांवर दिवसाच्या वापरासाठी शुल्क घेण्याची मुभा दिली, खाजगी गाडीमागे दिवसाला ३ डॉलरची मर्यादा घातली, आणि जेथे नुसता रॅम्प व त्याला जोडलेला साधा धक्का एवढेच आहे तेथे शुल्क घेऊ नये असे स्पष्ट लिहिले.

चालणाऱ्याकडून पैसे घ्यावेत का?

१९९६ च्या मुभेचा काही ठिकाणी अतिरेक झाला. दक्षिण कॅलिफोर्नियातील चार राष्ट्रीय वनांत १९९७ पासून गाडी उभी करण्यासाठी दिवसाला ५ डॉलरचा किंवा वर्षाला ३० डॉलरचा पास लागू झाला. डोंगरात नुसते फिरायला आलेल्या माणसालाही तो लागे. लोक चिडले, कित्येकांनी पास घेण्याचे नाकारले. संडासाचे पैसे ते देत होते. पण आपल्याच वनात पाऊल टाकण्याचे पैसे देणे त्यांना मान्य नव्हते.

डिसेंबर २००४ मध्ये झालेल्या कायद्यात या रागाची छाप दिसते. त्याची मुदत दहा वर्षांची होती, ती पुढे वेळोवेळी वाढवली गेली. राष्ट्रीय उद्यानांत प्रवेशशुल्क घेता येते, पण वनखात्याच्या व भूव्यवस्थापन खात्याच्या जमिनीवर नुसत्या प्रवेशाचे पैसे घेता येत नाहीत. सोयी न वापरता पायी, घोड्यावरून किंवा होडीतून पार जाणाऱ्याकडून, रस्त्याकडेला गाडी लावणाऱ्याकडून, दृश्य पाहायला थांबलेल्याकडून शुल्क घेऊ नये असे कायदा म्हणतो. तंबूतळासाठी नऊ सोयींची यादी आहे : तंबूची जागा, मेज, पिण्याचे पाणी, रस्ता, शुल्क घेणारा माणूस, वाजवी सुरक्षा, कचरापेटी, संडास आणि चुलीसाठी साधी व्यवस्था. यांपैकी निम्म्याहून अधिक असतील तरच तंबूचे पैसे. रॅम्पसाठीही तसेच. अनेक पदरी पक्का रॅम्प, पक्का वाहनतळ, स्वच्छतागृह, चढण्या-उतरण्याचा तरंगता धक्का अशा विशेष सोयी हव्यात.

कायदा होऊनही काही ठिकाणी जुनी सवय गेली नाही. अॅरिझोनातील माउंट लेमन येथे वनखाते गाडी लावून पायी जाणाऱ्यांकडूनही पैसे घेत होते. काही नागरिक न्यायालयात गेले आणि २०१२ साली अपील न्यायालयाने निकाल दिला की सोयी न वापरता केवळ गाडी उभी करून चालायला जाणाऱ्याकडून शुल्क घेता येणार नाही.

विरोधकांचा आणखी एक आक्षेप आहे आणि तो मला पटतो. सोयी असतील तरच शुल्क, असे म्हटले की शुल्क मिळावे म्हणून सोयी उभ्या करण्याचा मोह होतो. जेथे मेजाची गरज नव्हती तेथेही मेज येते. अनुदानासाठी तळे खोदणारे आपणही पाहिले आहेत.

गरिबाचे काय? न्यू हॅम्पशायर व व्हरमाँट या राज्यांतील पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. शुल्कवाढीमुळे जाणे कमी केले किंवा दुसरीकडे गेलो, असे सांगणारे कमी उत्पन्नाच्या गटात सुमारे २३ टक्के, तर जास्त उत्पन्नाच्या गटात सुमारे ११ टक्के होते. म्हणजे दोरी एकच, पण ती सर्वांना सारखी आडवी येत नाही.

पशुपालकांच्या मनात एक शंका येईल, म्हणून सांगतो. याच सरकारी जमिनीवर चराईचे शुल्क वेगळे आहे. एक गाय व तिचे वासरू, किंवा पाच मेंढ्या, महिनाभर चारण्याचे २०२४ साली १.३५ डॉलर पडत होते. तंबूवाले म्हणतात, आमच्या एका रात्रीच्या पैशांत यांची गाय वर्षभर चरते. पशुपालक म्हणतात, ते आमचे पोट आहे, तुमची करमणूक आहे. हा वाद आज सोडवायचा नाही. पण आपल्या गावात शेळ्या घेऊन काठावर जाणाऱ्याला आणि शहरातून आलेल्या गाडीला एकाच पावतीत बसवू नये, एवढे यातून घ्यावे.

आपल्याकडे हिशोब कसा मांडावा

शुल्क आणि कर यांतील भेद आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात सांगितला : शुल्क म्हणजे दिलेल्या सेवेचा मोबदला. बाजार समितीच्या फीबाबत पंजाबमधील प्रकरणात १९७९ साली न्यायालयाने हाच काटा लावला आणि फीचा बराचसा भाग ती देणाऱ्यांच्या सेवेवर खर्च झाला पाहिजे असे म्हटले. पुढील निकालांत काटा थोडा सैल झाला, तरी दिशा तीच आहे. साताऱ्याजवळील कास पठारावर लगतच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्या फुलांच्या हंगामात पर्यटकांकडून शुल्क घेतात. ताडोब्यासारख्या व्याघ्र प्रकल्पांसाठी २००६ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात प्रतिष्ठानाची तरतूद आली. प्रवेश व इतर शुल्काची रक्कम त्याच क्षेत्राच्या कामी पुन्हा लावणे हा तिचा एक हेतू आहे. म्हणजे पैसे जागेवर राहण्याची वाट आपल्याकडेही आहे.

पहिली गोष्ट परवानगीची. काठ पाटबंधारे खात्याचा किंवा वनखात्याचा असेल तर त्यांच्या लेखी संमतीशिवाय दोरी बांधू नका. संमतीपत्रातच रक्कम कोणत्या खात्यात जमा होईल आणि कोण खर्च करील हे लिहून घ्या. स्वतःच्या मालकीच्या रानात तंबू लावू दिला तर ते भाडे झाले, त्याची गल्लत यात करू नका.

दर ठरवताना 'शेजारच्या गावात किती घेतात' हे न पाहता खर्चावरून दर काढा. केवळ समजण्यासाठी आकडे घेऊ. हंगामात सफाईची मजुरी ३६,००० रुपये, पाणी व शोषखड्ड्याची देखभाल १२,०००, कचरा वाहतूक १५,०००, फलक, पावत्या व दुरुस्ती ९,०००. एकूण ७२,०००. हंगामात ९०० तंबू लागतात असे धरले तर तंबूमागे ८० रुपये येतात. आता पावती फाडायला वेगळा माणूस ३०,००० रुपयांवर बसवला तर खर्च १,०२,००० होतो आणि दर ११३ वर जातो. पैसे गोळा करण्यावरच तीन दशांशाच्या आसपास गेले! अमेरिकेच्या २००४ च्या कायद्याने प्रशासन व अप्रत्यक्ष खर्चावर सरासरी १५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, तीमागेही हीच भीती आहे. म्हणून जो सफाई पाहतो त्याच्याच हाती पावतीपुस्तक द्यावे, आणि पुस्तकावरील क्रमांक व जमा रक्कम दर महिन्याला दुसऱ्या दोघांनी ताडून पाहावी. जमा-खर्चाचा फलक तळावरच लावा. ग्रामपंचायतीच्या कपाटातील हिशोब पर्यटकाला दिसत नाही आणि गावालाही दिसत नाही.

सवलती आधी ठरवा. धरणात ज्यांची घरे-शेते गेली त्यांच्याकडून पाण्यात होडी टाकण्याचे पैसे मागणे मला तरी शोभत नाही. अमेरिकेतही हे दुःख आहे. मिसूरी नदीवरील गॅरिसन धरणाने १९५० च्या दशकात मंडन, हिदात्सा व अरिकारा या आदिवासींची दीड लाख एकरांहून अधिक जमीन पाण्याखाली घेतली. त्यात त्यांची नदीकाठची उत्तम शेते होती आणि आज तेथे सहलीच्या होड्या फिरतात. धरणग्रस्त, स्थानिक मच्छीमार, गुराखी, शाळेची मुले आणि नुसते पायी फिरायला आलेले लोक शुल्काबाहेर ठेवावेत. तंबू, वाहनतळ, संडास आणि पक्का रॅम्प वापरणाऱ्यांनी पैसे द्यावेत. मात्र संडासाला कुलूप असेल त्या दिवशी पावती फाडू नये.

शेवटी आमच्या विषयाकडे येतो. फुगवटा ओसरल्यावर जी गाळपेर जमीन उघडी पडते, ती अनेकांनी रब्बीसाठी खात्याकडून पट्ट्याने घेतलेली असते. सपाट, मऊ आणि पाण्याजवळ, म्हणून तंबूवाल्यांनाही नेमकी तीच आवडते. ओल्या गाळावर दोन गाड्या फिरल्या तरी तो विटेसारखा घट्ट होतो आणि हरभऱ्याचे मूळ खाली जात नाही. म्हणून तळाची जागा गाळपेराच्या वर, मुरमाड पडीकावर निवडा, आणि पाणी उतरू लागताच, पहिल्या पेरणीआधी, दोहोंमध्ये चर काढून किंवा दगड रचून हद्द पक्की करा. शोषखड्डा उच्च पूररेषेच्या वरच घ्या, नाहीतर पुढच्या श्रावणात त्यातील सर्व घाण गावाच्या पिण्याच्या पाण्यात उतरेल.